सात भागिले चार बरोबर पाच

पाणी ही निसर्गाची देणगी असली, तरी ते नळाला आणणं हे समितीचं काम आहे. लातूरच्या विद्यावर्धिनी कॉलनीत हे काम पाणी समिती अगदी नियमानं करते. कॉलनीत बारा गल्ल्या, गोलाकार. एक दिवसाआड एका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि पुढच्या वेळी चार गल्ल्या पुढं सरकायचं, असा ठराव आहे. (ठराव कुणी मांडला ते सापडत नाही.) त्यानुसार चार, आठ, बारा, पुन्हा चार अशी निःपक्षपाती फेरी चालते. अध्यक्ष वीरेशअण्णा चौथ्या गल्लीत राहतात, सचिव आठव्या आणि खजिनदार बाराव्या. हा योगायोग असल्याची नोंद इतिवृत्तात दोनदा आहे.

उमाशंकर सर सातव्या गल्लीत राहायचे. क्लासमध्ये ते पोरांना बाक्यांचं गणित शिकवायचे. दहा वाजल्यावर पाच तास गेले की पंधरा नाही, तीन वाजतात. बारा टाकायचे, उरेल ते ठेवायचं. तीन वर्षं टँकरचं पाणी भरून त्यांचे खांदे उतरले होते, पण गणितावरची श्रद्धा शाबूत होती.

अशात लेकीचा, ऋतुजाचा, साखरपुडा घरीच ठरला. औशाचे व्याही सिद्धेश्वरअप्पा यांनी निरोप धाडला, की बाकी काही नको, पाण्याचं तेवढं बघा. ऋतुजाची आधीची सोयरीक पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायच्या वेळीच फिसकटली होती. ही पण मोडली तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार न्हाई, असं सरांच्या बायकोनं, उज्वलाताईंनी, सरांना सांगून टाकलं.

शिकलेला माणूस भांडत नाही, अर्ज करतो. सरांनी दोन पानांत सिद्ध केलं, की चारला कशानंही गुणलं आणि बारा-बारा टाकत गेलं, तरी सात कधीच उरत नाहीत. म्हणजे सातव्या गल्लीला पाणी येणार नाही, ही समितीची चूक नसून बाराचा दोष आहे. समितीला हा सूर फार आवडला.

उपायही सरांनीच दिला: गल्ल्या तेरा करा. तेराला एक आणि तेरा सोडून कशानं भाग जात नाही, म्हणून तिथं प्रत्येक आकड्याला चारनं भागता येतं. चार गुणिले दहा चाळीस, त्यातून एकोणचाळीस गेले, उरला एक. म्हणून चारनं भागायचं म्हणजे दहानं गुणायचं. सात गुणिले दहा सत्तर. तेरा पाचे पासष्ट टाकले, उरले पाच. सबब पाचव्या खेपेला सातवी गल्ली. सात भागिले चार बरोबर पाच, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. तेरावी गल्ली म्हणून वीरेशअण्णांचे मागचे रिकामे प्लॉट धरले. (तिथं सध्या बाभळी राहतात. त्यांनाही सव्वीस दिवसांतून एकदा पाणी मिळेल.)

आणि खरंच, चार, आठ, बारा, तीन झाल्यावर पाचव्या खेपेला व्हॉल्व्हवाल्या शिवलिंगनं सातव्या गल्लीची चावी फिरवली. उज्वलाताईंनी घागरी, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. नळाखाली हात धरून त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा थाटात झाला. प्रमुख पाहुणे अर्थात वीरेशअण्णा. जेवणं उरकल्यावर सरांनी व्याह्यांना कागदावर सगळा भागाकार मांडून दाखवला. सिद्धेश्वरअप्पांनी तो शांतपणे बघितला आणि विचारलं, "सर, मंग एकीमागं एक असं सगळ्या गल्ल्यांना पाणी का सोडत न्हाईत?"

वीरेशअण्णांनी आणखी एक पान मागवलं. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असं सर कसंबसं म्हणाले. सोयरीक टिकली, पण लगीन औशाला होईल, असं अप्पांनी जाता जाता ठरवून टाकलं.

अशा माणसांमुळं संस्था चालत नाहीत. तुमचं तसं नाही. तुम्ही चार, आठ, बारा बोटांवर मोजलंत, पासष्ट वजा करून पाहिलेत, उत्तर बरोबर आलं म्हणून मान डोलावलीत आणि अप्पा बोलेपर्यंत काही विचारलं नाहीत. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही, तुमची निवड झालेली आहे.