वझलवारकाकांची सैल सेफ्टी

आमच्या शेजारचे वझलवारकाका घरात पाऊल टाकण्याआधी दाराची कडी तपासतात. दार त्यांचं नव्हे, माझं. लॅच लावतात, उघडतात, मान डोलावतात आणि मगच बूट काढतात. गाडीत बसले की पट्टा लावून विचारतात, "क्लिक ऐकू आला ना?" एकट्या मला ऐकू येऊन भागत नाही, मागच्या सीटवरच्यांनीही साक्ष द्यावी लागते. इथल्या, ब्रिस्टलच्या विमानांच्या कारखान्यात खटके आणि बिजागऱ्या तपासण्यात हयात गेली. काका रिटायर झाले, तपासणी काही रिटायर झाली नाही. एकदा डेंटिस्टची खुर्ची डुगडुगते म्हणून दुखरा दात तसाच ठेवून ते खुर्चीखाली शिरले होते.

अशा माणसाच्या घरात एक सैल खटका होता. आणि तो पिस्तुलाचा होता.

घाबरू नका. गॅसच्या नळकांडीवर चालणारं, कागदी टार्गेटवर छर्रे मारायचं ते जुनं सेमी-ऑटोमॅटिक एअर पिस्तूल. तेही काकांचं नव्हे, शुभाकाकूंचं. काकू नागपुरात कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी शिकल्या आणि इथे दर शनिवारी क्लबात जायच्या. त्या वारल्यावर क्लबाने त्यांच्या आठवणीत मॅच ठेवली. पहिला छर्रा काकूंच्याच पिस्तुलातून काकांनी मारावा, असा आग्रह होता. काकांचं उत्तर ठरलेलं. "चाप अडवणारी सेफ्टी लूज आहे. अनसेफ पिस्तूल रेंजवर? ना बाप्पा!" मॅच पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. शेवटी क्लबाची सेक्रेटरी मॉरीन मलाच फोन करू लागली. या शनिवारी तरी?

मी काकांच्या शेडमध्ये जाऊन ठाण मांडलं. "काका, आज ही सेफ्टी दुरुस्त करायची."

"अगं, पार्ट्‌स मिळत नाहीत. कंपनीच बंद पडली. आणि इथली ही दमट हवा! स्प्रिंग बिचारी टिकणार कशी?"

"उघडून बघितलंत?"

काका चष्मा पुसायला लागले. ज्या माणसाने माझा टोस्टर गॅरंटीत असताना उघडला होता, त्याने हे पिस्तूल उघडलंच नव्हतं.

मग मात्र उठले. आत गॅस नाही, छर्रा नाही, हे स्वतः पाहिलं, मलाही पाहायला लावलं आणि स्क्रू काढला. सेफ्टीच्या खटक्याखाली बारीक स्प्रिंग आणि मोहरीएवढी पोलादी गोळी असते. ती गोळी खाचेत बसली की खटका जागचा हलत नाही. इथे ती बसतच नव्हती, कारण खाचेत लाल चिकट लगदा भरला होता.

"गंज," मी म्हटलं.

काकांनी लगदा बोटावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. "कुंकू आहे."

दर खंडेनवमीला काकू काकांच्या पान्यांसोबत पिस्तुलाचीही पूजा करायच्या आणि कुंकवाचं बोट नेमकं सेफ्टीवर टेकवायच्या. "मी ओरडायचो, शुभा, मशीनमध्ये पावडर जाते! तर म्हणायची, तुमच्या पान्यांना चालतं, माझ्याच पिस्तुलाला काय धाड भरलीय?" काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मी उगाच पक्कड उचलून ठेवली.

त्यांनी कापसाच्या काडीने खाच साफ केली. घाई अजिबात नव्हती. गोळी बसली, खटका घट्ट झाला. मी टाळ्या वाजवल्या, पण काका खटका नुसता मागे-पुढे करत राहिले.

"अहो, झालं की!"

"तेच तर. आता कारण उरलं नाही."

मग पिस्तूल पेटीत ठेवत म्हणाले, "मी कधी त्या क्लबाच्या आत गेलोच नाही गं. बाहेर गाडीत बसायचो. ती यायची आणि सगळं सांगायची, कुठला छर्रा कुठे गेला ते. आता मी आत गेलो, तर बाहेर आल्यावर सांगू कुणाला?"

"मी बसेन ना गाडीत," मी म्हटलं.

शनिवारी काका आत गेले. बऱ्याच वेळाने आले ते दार उघडतानाच बोलायला लागले. पहिला छर्रा टार्गेटला लागलाच नव्हता, थेट मागच्या लाकडात. मॉरीन काय म्हणाली, दुसरा कसा कडेला लागला, तिसऱ्याला हात कसा स्थिर झाला. मी गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घेतली. घर आलं तेव्हा काका अजून चौथ्याच छर्ऱ्यावर होते.