पाया ओला आहे अजून

सॅमसनकाका माणसं मोजत नाहीत. खुर्च्या मोजतील, छत्र्या मोजतील, मधल्या सुट्टीतले सामोसे तर दोनदा मोजतील. पण वर्गात माणसं किती ते जपानीत सांगा म्हटलं, की खिडकीबाहेरच्या बांधकामाकडे बघत बसतात. आमच्या सेन्सेई, म्हणजे जपानी शिकवणाऱ्या कल्याणीबाई म्हात्रे, ओसाकाला राहून आलेल्या. वयाने काकांच्या मुलीहूनही लहान. त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा काका उभे राहिले, कमरेत व्यवस्थित वाकले आणि अस्खलित जपानीत म्हणाले, "पुरेशी आहेत."

"पण किती, काका?"

"आमच्यात माणसं मोजत नाहीत. बाकी काहीही विचारा."

जपानीत लांब वस्तू मोजायचे शब्द वेगळे, चपट्या वस्तूंचे वेगळे, पुस्तकांचे वेगळे आणि माणसांचे आणखी वेगळे. नवशिके इथेच घाम पुसतात. काकांना ते सगळे पाठ होते, फक्त माणसांचे ते वापरत नसत. मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला आणि मी मनातल्या मनात हसलो. मी मनातल्या मनातच हसतो. तोंडाने बोलणं माझ्याकडून होत नाही, आणि झालंच तर पुढे आठवडाभर टोचत राहतं. शेजाऱ्यांचं दूध नासलं तरी आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं वाटणाऱ्यांपैकी मी. तळोज्याच्या कारखान्यात जपानी साहेब येतात म्हणून वर्गाला जातो, असं मी घरी सांगितलं आहे. खरं कारण वेगळं. ज्या भाषेत मला अजून बोलताच येत नाही, तिथे माझं गप्प बसणं कुणाला खटकत नाही.

वर्ग करंजाड्यात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. काका राहतात जुन्या पनवेलात. नाव सॅमसन आवासकर, वय सत्तरीच्या पुढे. बेने इस्राएल, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणात उतरलेले आणि मराठीतच भांडणारे ज्यू. सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर म्हणून झाली, त्यामुळे जपानी भाषासुद्धा ते साइटवर उभं राहिल्यासारखीच शिकतात. अभ्यास केलात का, असं ते कधी विचारत नाहीत. "कांजीला पाणी मारलं का?" असं विचारतात. कांजी म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं. स्लॅबसारखं त्यांनाही रोज पाणी मारलं नाही, तर तडे जातात, हे काकांचं मत.

दर नव्या बॅचला तेच प्रश्न घेऊन तीच तरुण मंडळी येते आणि सेन्सेईंच्या आधी काकाच उत्तरं देऊन मोकळे होतात. जपानीच्या दोन लिप्यांतली हिरागाना आधी शिकायची की काताकाना? "आधी वीट की आधी सिमेंट, असं गवंडी विचारतो का? दोन्ही आणून ठेव." कांजी न शिकता चालेल का? "चालेल की. सळया न घालताही स्लॅब पडतो. पडतो म्हणजे पडतोच." कार्टून बघून भाषा येते का? "क्रिकेट बघून बॅटिंग येते तेवढी." किती महिन्यांत फाडफाड बोलता येईल? यावर ते चष्मा काढून त्या मुलाकडे बघतात. "महिने नको, पावसाळे विचार."

ते धीरही देतात. "घाबरू नका. क्रियापद शेवटीच येतं, आपल्यासारखं. 'ला', 'ने', 'चा' शब्दाच्या मागेच चिकटतं, आपल्यासारखं. ही लांब दिलेली आपली मावशीच आहे. फक्त सासरी जाऊन फार अदबीने बोलायला लागली."

त्या अदबीचा सराव ते बाजारात करतात. उलव्याच्या बाजूने भाजी घेऊन येणाऱ्या ताईसमोर एकदा ते इतके वाकले, की ती म्हणाली, "काका, तुमी इतकं वाकू नका, कंबर धरंल. मेथी ताजी हाय. घ्यायची नाय तर नका घेऊ, पन सरळ उभं रावा."

इतकं सगळं असून काका स्वतः मात्र पहिल्याच वर्गात. त्यांच्याबरोबर शिकायला लागलेली मुलं परीक्षा देऊन जपानला पोचली, तिथे नोकरीला चिकटली. काका पुन्हा पहिल्या धड्याला, पहिल्या बाकावर. परीक्षेचं नाव काढलं की त्यांचं वाक्य ठरलेलं. "पाया ओला आहे अजून. आताच मजला चढवायला नको."

त्यांचे बहुतेक नातेवाईक कधीच इस्राएलला गेले. बायको वारली. एकुलती मुलगी ओफिरा तिथेच, आशदोद शहरात, नर्स आहे. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आधी, तिचा फोन येतो आणि दर शुक्रवारी ती एकच म्हणते, पप्पा, इकडे या. चुलतभाऊ चिडवतात, की सॅमसन, हिब्रू शिकायची सोडून हे कसलं खूळ? "हिब्रू आली तर जावं लागेल ना," असं काका म्हणतात आणि सगळे हसतात. मुलीला मात्र त्यांनी शब्द दिला होता. जपानीची पहिली परीक्षा पास झालो की विमानात बसतो. या शब्दालाही आता काही वर्षं झाली होती.

गेल्या हिवाळ्यात ओफिरा आली. काकांना न्यायला वर्गावर आली, तेव्हा काका आत नव्या मुलांना हिरागानाचा पाया समजावत होते. जिन्यात मी एकटाच होतो. तिने विचारलं, "पप्पांना खरंच जमत नाही का हो? वय झालं म्हणून?"

एरवी मी 'कल्पना नाही' म्हटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काकांची बाजू घ्यावी असं मला मनापासून वाटलं. मी सांगितलं, की सेन्सेईंना उशीर झाला तर वर्ग तेच घेतात. ही परीक्षा ते डोळे मिटून पास होतील.

ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना माझ्याकडे यायचंच नाहीये."

त्याच संध्याकाळी तिने परीक्षेला त्यांचं नाव घातलं. पास झालात की तिकीट काढते, असंही सांगितलं.

पुढच्या वर्गाला काका माझ्या शेजारी येऊन बसले. "तुम्ही वर्षात चार वाक्यं बोलता," ते म्हणाले, "आणि त्यातलं एक नेमकं तिथे?" ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी मशिदीत या. टोपी आणा."

मशीद म्हणजे त्यांचं सिनेगॉग. जुनी माणसं मशीदच म्हणतात. मी जरा लवकरच पोचलो. मोठी, रुंद बाकं आणि त्यांवर पांगून बसलेले थोडे पुरुष. सगळे दाराकडे बघत होते. एक वृद्ध गृहस्थ प्रत्येकावर नजर ठेवत एकेक शब्द पुटपुटत होते. शेजारच्याने मला समजावलं. दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना सुरू होत नाही. पण माणसं आकड्याने मोजायची नाहीत, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, माणसामागे एक शब्द. "पूर्वी वचन संपायचं आणि माणसं उरायची," तो म्हणाला. "आता जास्तीचं कोणी नाही. एकाला ताप आला, की आम्ही बसतो, गप्पा मारतो आणि घरी जातो."

वचनाचा शेवटचा शब्द त्या वृद्धांच्या ओठांवर तसाच थांबला होता.

तेवढ्यात काका आले, धापा टाकत, मागे ओफिरा. 'या, बसा' कोणी म्हटलं नाही. वृद्धांनी तो शब्द उच्चारला आणि सगळीकडे पुस्तकं उघडल्याचा आवाज झाला. ओफिरा बायकांच्या बाजूला जायचं विसरून दारातच उभी होती. लहानपणी तिने ही बाकं भरलेली पाहिली होती.

प्रार्थनेनंतर अंगणात ती म्हणाली, "पप्पा, हे मला सरळ का नाही सांगितलंत? मला वाटायचं, माझ्याकडे यायचंच नाही तुम्हाला."

काका बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहा तिथेच. आणि मग बोलवायची थांबली असतीस."

मी बाजूला सरकलो. काही ऐकणं आपल्या वाट्याचं नसतं.

परीक्षा काकांनी दिली. द्यावीच लागली, ओफिराने दम भरला होता. पास झालात तरी कुठे जायचं नाही, असाही दम भरला होता. ते अर्थातच पास झाले. घरी देवाचे आभार मानायला मलिद्याचं ताट केलं, पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि अख्ख्या वर्गाला बोलावलं. मला त्यांनी दोनदा वाढलं. यात क्षमा होती की नुसते पोहे उरले होते, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्यांना आता वरच्या वर्गात जायला हवं. ते जात नाहीत, आणि सेन्सेई त्यांना विचारत नाहीत. कारण नव्या बॅचला आशदोदहून एक विद्यार्थिनी आहे. तिची ड्यूटी नसेल तेव्हा ती फोनवर दिसते. काकांच्या शेजारच्या खुर्चीवर, पाण्याच्या बाटलीला टेकून. विद्यार्थिनी अगदी ढ आहे. सेन्सेई फळ्याकडे वळल्या, की काका फोनपाशी तोंड नेऊन उत्तर सांगतात आणि क्षणभराने तेच उत्तर स्पीकरमधून मोठ्याने वर्गात येतं. कोणी हसत नाही. मी हसतो, हल्ली तोंडाने.

एखाद्या दिवशी तिची ड्यूटी असते. तसं ती आदल्या दिवशीच कळवते. करंजाड्यात बांधकामांची धूळ फार, खिडक्या बंद असल्या तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या खुर्च्यांवर थर बसतो. काका येतात, खिशातून रुमाल काढतात, शेजारची खुर्ची पाठीसकट नीट पुसतात. मग रुमाल घडी करून खिशात ठेवतात आणि आपल्या खुर्चीवर, धुळीतच, बसतात.