विस्तव न लागलेली वडी

माणसाच्या पोटात काही जाणे आणि माणसाचा उपवास मोडणे या दोन स्वतंत्र घटना असून, त्यांचा एकमेकींशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. कसबा बावड्यातल्या आमच्या महिला मंडळाला हे सत्य २००६ सालच्या आषाढात कळलं. इतरत्र कळायला वेळ लागेल.

निमित्त नीलम्माकाकूंच्या सुनेचं. प्रेरणा (शिकलेली आहे, पण वळणाची आहे) जिमला जाते. तिनं सायबर कॅफेतून एक कागद छापून आणला : चॉकलेटचा प्रोटीन बार, घरच्या घरी, गॅस न पेटवता. बाकीच्यांनी 'चॉकलेट' वाचलं. काकूंनी 'गॅस न पेटवता' वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

"म्हणजे ह्याला विस्तव लागत नाही?"

"नाही आत्या. मिसळायचं, थापायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, वड्या पाडायच्या."

"मग हे अन्न कसलं? हा तर फराळ!"

त्याच दुपारी मंडळानं घटकांची छाननी केली. खजूर हे फळच. शेंगदाणे उपासाचेच. कोको ही फळातली बी, म्हणजे वंशानं फळ. प्रोटीन पावडर दुधाची, म्हणजे गाईची (डब्यावर गाय नव्हती, उघडा पैलवान होता, त्याच्याकडे दुर्लक्ष करण्यात आले). ओट्स हे धान्य, म्हणून नामंजूर, त्या जागी राजगिऱ्याच्या लाह्या. पण शेंगदाणे भाजलेले, लाह्याही भट्टीतल्या, अशी शंका मीच काढली. त्यावर, बाजारातून आणलेल्या जिनसेचा विस्तव दुकानदाराला लागतो, असा निर्वाळा मिळाला. माझं समाधान झालं. शिवाय फ्रीज हा विस्तवाच्या नेमका उलट असल्यामुळं, त्यात दोन तास बसलेली वडी दुप्पट सोवळी ठरली.

यानंतर मंडळात भक्ती फार वाढली. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. पूर्वी एकेकीला कसाबसा एक वार झेपायचा, आता सहा झेपू लागले. बुधवारासाठी देव शोधायला उपसमिती नेमली (सापडला). दुपारच्या चुली बंद झाल्या.

अडचण आली ती धोंडुबाईची. ती आमच्या चार घरी भांडी घासते. चारपैकी कुठल्या तरी घरी दुपारी तिला भाकरी-आमटी मिळायची, आणि दिवसातलं पोटभर जेवण तिचं तेवढंच.

"ताई, आजबी चूल बंद व्हय?"

"आज मंगळवार ना गं."

"काल उपास हाय म्हनलासा की."

"तो महादेवाचा होता."

"मग ती काळी वडी तरी द्या की एक. कूट तर मीच करतोय."

मी हळू आवाजात समजावलं (मोठ्यानं बोलणं मला जमत नाही) की, वडी नेमाची आहे. नेम नसलेल्याच्या पोटात गेली तर तिला नुसतं चॉकलेट म्हणतात.

"मग धरतो की मीबी नेम!"

आम्हाला भरून आलं. तिला हळदीकुंकू लावलं, मंडळाच्या वहीत नाव घातलं. फक्त नवीन बाईनं पहिले अठ्ठावीस दिवस सूर्य मावळेपर्यंत पाण्यावर काढावेत, वडी एकोणतिसाव्या दिवसापासून, असा नियम त्याच बैठकीत एकमतानं झाला. (मतदानाच्या वेळी धोंडुबाई भांडी घासत होती.) महिन्याची अडचण आली की मोजणी पुन्हा एकपासून. हे गणित कुणी मुद्दाम केलं नव्हतं, ते आपोआप जमलं.

कार्तिकात सगळ्यांची वजनं केली, तीही पिठाच्या गिरणीत, कारण गिरणीच्या काट्याला आमच्याकडून दुसरं काम उरलं नव्हतं. सोळा सभासदांचं वजन मिळून त्रेपन्न किलोनं वाढलं होतं (पैकी पुण्याचं किती, हे काट्याला वेगळं दाखवता आलं नाही). एकट्या धोंडुबाईचं सहा किलोनं उतरलं होतं. आम्हाला तिचा हेवा वाटला, पण आम्ही तो गिळला आणि खण-नारळ देऊन तिचा सत्कार केला.

प्रेरणानं वही-पेन काढून विचारलं, "धोंडुबाई, नेमकं काय करता तुम्ही?"

"काय न्हाय ओ वैनी. चार घरची भांडी धरायची. आन चारी घरं भक्तीची असाय पायजेत."

तिचा विनय सगळ्यांना आवडला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत तिनं नारळ गिरणीच्या पायरीवर आपटला आणि उभ्या उभ्या खायला लागली.

"अगं, सव्विसावा दिवस ना तुझा!" काकू ओरडल्या.

"इस्तू लागलाय व्हय ह्याला?" ती खोबरं चावत म्हणाली, आणि एक तुकडाही मागं ठेवला नाही.

मंडळानं विचार केला. नारळाला विस्तव लागला नव्हता हे मान्य झालं, पण नियम पाण्याचा होता आणि तिनं पाणी सोडून खोबरं खाल्लं होतं. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

हे वाचून आपल्याला आमचा राग आला असेल, तर तो आपल्या चांगुलपणाला शोभतो. तेवढ्या रागात एक काम करा. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला हाक मारा आणि विचारा, सकाळपासून काय खाल्लं. हाक नावानं मारा. नाव माहीत नसलं तर राहू द्या. आम्हाला निदान वहीत घालण्यापुरतं माहीत होतं.