अठ्ठावन्न किलोचं बाळ

पाणी खात्यातले मीटर तपासनीस चोपन्नाव्या वर्षी दुसऱ्यांदा जन्माला आले, आणि त्यासाठी त्यांनी रीतसर वैद्यकीय रजा टाकली होती. रक्ताचा कर्करोग होता. डॉक्टरांनी त्यांच्या हाडांतला जुना मगज औषधांनी पार खरवडून काढला आणि धाकट्या भावाच्या स्टेम सेल आत सोडल्या. देवाच्या दयेने त्या रुजल्या. पण जुन्या रक्ताबरोबर लहानपणी घेतलेल्या लसींचा असरही गेला.

"सगळ्या लसी पहिल्यापासून घ्यायच्या," डॉक्टर म्हणाले. "तोवर मास्क काढायचा नाही आणि लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही."

 तपासनीस इस्पितळात, जंतू लागू नयेत म्हणून केलेल्या काचेच्या खोलीत पडले होते त्याच आठवड्यात त्यांना नात झाली होती. अकरा महिने मुलगी तिला गॅलरीत उभी राहून खिडकीतून दाखवायची आणि हे आतून काचेवर टिचक्या मारायचे. त्या पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच त्यांना आता आयुष्याकडून हवं होतं.

लसीकरण केंद्रात सिस्टरनी चिठ्ठी वाचली आणि टेबलापलीकडे वाकून पाहिलं.

"बाळ कुठंय?"

"मीच."

"कमाल करता! हे केंद्र पाच वर्षांखालच्यांसाठी आहे."

"मग मोठ्यांना या लसी कुठं देतात?"

"मोठ्यांना लागतच नाहीत."

इथे कॉम्प्युटरवाला मदतीला धावला. भला माणूस. इस्पितळाच्या कागदावर स्टेम सेल चढवल्याचा दिवस 'नवा जन्मदिवस' म्हणून नोंदला होता. त्याने तीच तारीख टाकली. यंत्राने ती आनंदाने घेतली, आणि यंत्राने घेतलेली गोष्ट खोटी कशी म्हणणार? तपासनीस अकरा महिन्यांचे झाले.

मग वजन केलं. अठ्ठावन्न किलो. कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला आणि आतून आहार सल्लागार बाई धापा टाकत आल्या.

"दूध अंगावरचं की वरचं?"

"चहातलं," तपासनिसांची बायको म्हणाली.

या गोंधळात लस काही त्या दिवशी मिळाली नाही, पण माहिती सगळ्या खात्यांत पोचली. आठवड्याभरात कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांचा चेहरा पडलेला होता.

"अकरा महिन्यांच्या मुलाला कामावर ठेवलं म्हणून आमच्यावर बालमजुरीचा खटला होईल हो! अठरा पूर्ण करा आणि या. तुमची खुर्ची कुठं जात नाही."

"आणि निवृत्ती?"

"ती मात्र जुन्या तारखेनेच होईल."

तपासनीस तसेच केंद्रावर गेले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "तारीख बदलून देतो की. पण मग लस नाही." तपासनिसांनी खिडकीची काच आठवली आणि नोकरीवर पाणी सोडलं.

"असू दे अकरा महिने. टोचा."

"टोचते," सिस्टर म्हणाल्या, "पण बाळ आईच्या मांडीवर हवं. नियम आहे."

"मी धरते की त्यांना," बायको पुढे झाली.

"तुम्ही कोण?"

"बायको."

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला! एवढ्याशा बाळाचं लग्न? बालविवाहात अडकाल सगळे."

शेवटी आईला आणलं. वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. "ये रे," म्हातारी बाकावर टेकत म्हणाली. "नऊ महिने पोटात वागवलाय, दोन मिनिटं मांडीवर जड होतोस का मला?" तपासनीस सगळा भार स्वतःच्या पायांवर तोलत कसेबसे टेकले. आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. औषधांनी गेलेले केस नुकतेच उगवले होते, जावळासारखे मऊ. म्हातारीला हुंदका आवरला नाही.

"मास्क काढा त्याचा," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, डॉक्टरांनी बजावलंय..."

"दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावायचा नसतो. गुदमरतं."

मास्क निघाला, सुई टोचली, आणि रांगेतल्या आईबापांना हसू आवरेना. चोपन्न वर्षांचा बाप्या आईच्या मांडीवर! लोक फोटो काढायला अगदी तोंडाशी आले. एकाला तर हसता हसता ठसका लागला, मग शिंका, मग पुन्हा ठसका. संध्याकाळपर्यंत फोटो घरोघरी पोचला. व्यवस्थेची कशी खरडपट्टी काढली, म्हणून जो तो एकमेकांना पाठवत सुटला.

चौथ्या दिवशी तपासनिसांना ताप भरला, छाती भरली. ते पुन्हा काचेच्या खोलीत गेले. मुलगी पोरीला घेऊन बाहेर उभी राहिली. पोर काचेवर टिचक्या मारत होती; आतून या वेळी उत्तर आलं नाही.

चौकशी झाली. सिस्टरनी नियम पाळला होता, कॉम्प्युटरवाल्याने मदत केली होती, साहेबांना वाईट वाटलं होतं. रांगेतल्या लोकांनी तर काहीच केलं नव्हतं, ते नुसते हसले होते.

मघाशी तुम्हीही हसलात. हसा बापडे, म्हातारीची काही तक्रार नाही. तिला एवढंच विचारायचंय, हसताना तोंडावर हात धरला होता ना?