रत्नाकाकू दिग्दर्शन करून राहिल्या

आमच्या शेजारच्या रत्नाकाकू कुणाचंही बोलणं मध्येच तोडून "कट!" म्हणतात. दूधवाला दार वाजवून "काकू, दूध" म्हणाला की काकूंचं सुरू. "कट! असा मरगळून काहून उभा राहतं गा? मागं जा, गेट उघडून परत ये. अन् या खेपेले भांड्याकडे पाहू नको." तो बिचारा जातो आणि परत येतो. आमच्या मानेवाड्यात इतका झोकात प्रवेश करणारा दुसरा दूधवाला नसेल.

काकूंनी जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, काकू सिनेमात शिरल्या. सिनेमाच्या शाळेत त्यांनी चौकशीही केली होती. "वसतिगृहात राहा लागते म्हणाले. म्हटलं, मंग ह्यांच्या जेवणाचं काय? घरीच शिकीन बाप्पा!" 'हे' म्हणजे भाऊकाका, त्यांचे यजमान.

मग फोनवर व्हिडिओ लावून, मेथी निवडता निवडता काकूंचं शिक्षण सुरू झालं. गॅस सिलिंडरच्या चाकाच्या स्टँडवर नाडीने फोन बांधला की झाली कॅमेऱ्याची गाडी. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल चेहऱ्यावर उजेड पाडायला आला. गळ्यात जुनी शिवणाची टेप असायचीच. त्या टेपनं काकू माझ्या नाकापासून फोनपर्यंतचं अंतर मोजत. "सिनेमा म्हणजे ब्लाउजच गा. नीट बेतला तर बसते, नाही तर काखेत ओढते." एखादं दृश्य जमलं नाही, की एवढाच शेरा. माझं चालणंसुद्धा काखेत ओढत होतं.

हो, नायक मीच होतो. डॉक्टरांनी गोड बंद केलेला एक गृहस्थ घरभर संत्राबर्फी लपवत फिरतो, अशी गोष्ट. "तुह्या चेहऱ्यावरच चोरी आहे," असं म्हणून काकूंनी मला निवडलं. माझ्या बायकोला माझ्या बायकोचंच काम मिळालं आणि तिनं ते घरच्यापेक्षा प्रेमानं केलं. संवाद मी लिहिले. 'साखर रक्तात नसते, नात्यात असते' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

उन्हाळाभर दर रविवारी शूटिंग चाललं. मनासारखा घास मिळेपर्यंत काकू मला इतकी बर्फी खायला लावत, की शेवटी तिच्यापासून मीच लपावं असं वाटू लागलं.

पुढं सिनेमा कापायला बसल्यावर काकूंनी माझे सगळे संवाद काढून टाकले. एकही ठेवला नाही.

"काहून काकू?"

"काखेत ओढते."

"अहो, मुका सिनेमा पाहून लोक हसतील!"

"हसतील तर बरंच ना. हसवाले तर काढला."

मी चार दिवस त्यांच्या अंगणातून न जाता मागच्या बोळातून ऑफिसला गेलो.

पहिला खेळ काकूंच्याच हॉलमध्ये, रविवारी दुपारी ठेवला. पडदे ओढून भिंतीवर चादर लावली. कूलर धडधडत होता. कुणीतरी म्हणालं, "कूलर बंद करा, ऐकू येणार नाही." काकू म्हणाल्या, "ऐकाले काहीच नाही. बसा."

भाऊकाका मात्र परसात झाडांना पाणी घालत होते. एके काळी गल्लीतली कुठलीही बैठक काकांच्या हसण्यानं सुरू व्हायची. मग त्यांना ऐकू येईनासं झालं. यंत्र कानात शिट्ट्या मारतं म्हणून ते कपाटात गेलं. लोक हसले की काका आधी सगळ्यांचे चेहरे बघत आणि मग उशिरा हसत. हळूहळू त्यांनी चारचौघांत येणंच सोडलं. पाहुणे आले की ते परसात जात.

काकूंनी त्यांच्या हातातली नळी काढून घेतली, त्यांना धरून आणलं आणि पहिल्या खुर्चीत बसवलं.

सिनेमा सुरू झाला. मी बर्फी रिकाम्या कुकरमध्ये लपवली. बायकोनं त्यातच तांदूळ टाकले, पाणी ओतलं आणि कुकर गॅसवर चढवला. आणि हॉलमध्ये एक जोरदार हसू फुटलं. काकांचं. सगळ्यांच्या आधी. ते मांडीवर थाप मारून मागं वळले आणि आम्हालाच समजावून सांगू लागले, "थांबा, थांबा! आता शिट्टी होते पाहा!" चादरीवर वाफेचा फवारा उडाला, आवाज काही नाही, आणि सगळा हॉल लोटपोट.

मी मागं पाहिलं. काकू चादरीकडे बघतच नव्हत्या. भिंतीला टेकून, टेपचं टोक मुठीत धरून त्या काकांकडे पाहत होत्या.

दिवे लागले. काकू चहा ठेवायला निघाल्या, तेवढ्यात काका म्हणाले, "रत्ना, पुन्हा लाव वं."

काकू थांबल्या. "हा कूलर पाणी लय उडवते बाप्पा," म्हणत त्यांनी पदरानं डोळे पुसले, सिनेमा पहिल्यापासून लावला आणि काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

चहा मी ठेवला.