दरखास्त नामंजूर

आमच्या नारायणगुड्याच्या गल्लीत कोणी नवीन राहायला आलं की शेजारचे माणिकराव त्याला घरी बोलावून चहा पाजत, आणि तो गेल्यावर त्याला बंदुकीचं लायसन्स द्यायचं की नाही ते ठरवत. त्याने मागितलेलं नसे. तरीही.

कलेक्टर कचेरीत तीस वर्षं हत्यारांचे परवाने तपासलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी गल्ली तपासायला घेतली. केबलवाला मंजूर, कारण शिडीवरून पडला तरी त्याने शिवी दिली नाही. आमचे हे मात्र, "दरखास्त नामंजूर! कॅरम हरले की बोर्ड उलटा करतात." मला त्यांनी परस्पर मंजुरी देऊन टाकली होती. "बाई, तुम्ही ओरडता फार, पण पोळी जळू देत नाही."

घरोघरी केबल आली आणि त्यांना देशोदेशीच्या चर्चा सापडल्या. कोणत्या जातीच्या बंदुकांवर बंदी घालावी, यावर कोणी सूटवाला बोलू लागला की माणिकराव टीव्हीलाच झापत, "अरे, नळी काय बघतोस? माणूस बघ, माणूस!"

आतून विमलवहिनी म्हणत, "माणूस सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसराच. बंदूक तीच राहते. ती आधी घरातून काढा."

कपाटावर माणिकरावांच्या वडिलांची बारा बोअरची बंदूक होती. तिच्यावरून हे भांडण लग्नापासून चालू होतं. "हौ हौ, तू जिंकलीस," म्हणत माणिकराव टीव्हीचा आवाज वाढवत.

इलेक्शन आलं की लायसन्सवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि संपल्यावर परत आणायच्या. माणिकराव ती चादरीत गुंडाळून रिक्षातून नेत, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी आणायला ठाण्याच्या दारात हजर. त्या वर्षांत सरकारं भराभर पडत होती. रिक्षावाला खूश होता.

वहिनी एका उन्हाळ्यात वारल्या. पुढे इलेक्शन आलं, बंदूक ठाण्यात गेली. नवं सरकार बसलं, दोन महिने झाले, ती काही परत आली नाही. शेवटी मीच विचारायला गेले. टीव्ही बंद होता. ओट्यावर कालचा भात तसाच झाकलेला.

"बंदूक आणली नाहीत?"

"दरखास्त नामंजूर."

"कुणी केली?"

"मीच. माणूस बघितला, बाई. सकाळी बरा असतो." मग बंद टीव्हीकडे बघत, "संध्याकाळी नाही."

त्यांनी डायरीतून ठाण्याची पावती काढून माझ्या हातात दिली. "हिच्याशिवाय ती मिळत नाही. तुमच्याकडे राहू द्या. मी मागितली तरी द्यायची नाही."

"ठेवते," मी म्हटलं. "आणि आजपासून सात वाजता जेवायला आमच्याकडे यायचं. रोज."

"रोज नक्को, बाई. रोज कसं—"

"दरखास्त नामंजूर."

ते रोज येऊ लागले. जेवत, यांच्याशी कॅरम खेळत, यांना लायसन्स नाकारत. निघताना चपला घालता घालता हळूच विचारत, "पावती आहे ना?"

"आहे."

मग जिना उतरत.