बोलणारा फेस

"त्यात काय एवढं! फेसच करायचाय ना? आण ती वाटी इकडे!"

रंगारी हे वाक्य सकाळी आठ वाजता बोलला आणि साडेनऊ वाजेपर्यंत त्याला ते परत गिळावंसं वाटलं. पण बोलला त्या क्षणी त्याची छाती चांगली दोन इंच फुगली होती. का फुगू नये? वीस वर्षं त्याची ब्रश आणि डबा यांच्या संगतीत गेली होती. प्रायमर, डिस्टेंपर, ऑइलपेंट, बाजारात येईल ते सगळं त्याने ढवळलं होतं. आणि आज समोर काय होतं, तर दाढीचा साबण!

दाढी मात्र साधीसुधी नव्हती. ती सासऱ्यांची होती! सासऱ्यांनी बेचाळीस वर्षं सलूनमध्ये खुर्चीमागे उभं राहून लोकांच्या दाढ्या केल्या होत्या. निम्म्या शहरातले केशकर्तनकार त्यांच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आज अकरा वाजता केशकर्तनकार संघटनेतर्फे उस्तादांचा सत्कार होता, मानपत्रासकट. आणि तीन आठवड्यांपूर्वी उस्ताद जिन्यावरून घसरले होते, उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि गालांवर तीन आठवड्यांचं रान माजलं होतं.

"मी येत नाही म्हणून कळवून टाका," सासरे खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "असलं तोंड घेऊन मी त्या स्टेजवर चढणार नाही. लोक म्हणतील, बेचाळीस वर्षं जगाच्या दाढ्या केल्या आणि स्वतःची जमेना!"

"बाबा, तुमच्या एखाद्या शिष्याकडे जाऊ या ना," मुलगी म्हणाली. म्हणजे आपल्या रंगाऱ्याची बायको.

"एकाकडे गेलो तर उरलेले तीस जण विचारतील, त्याच्याकडेच का गेलात! संघटना फुटेल!"

"मग मी खालच्या दुकानातून स्प्रेचा फेस आणते."

"आण. झुरळं मारायला होईल!"

तसा वस्तरा उस्ताद डाव्या हातानेही चालवत. गिऱ्हाइकाला गाल दोन असतात, म्हणून ते पोरवयातच दोन्ही हातांनी शिकले होते. पण ब्रश जन्मभर उजव्याच मनगटाने फिरवलेला. वाटी कुणी धरली, तरी डाव्या हाताला ते वळण नव्हतं. म्हणजे अडलं होतं ते फक्त फेसापाशी.

आणि रंगाऱ्याचं घोडं तर गेली अकरा वर्षं अडलं होतं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याला एकदाही जावई म्हटलं नव्हतं. घरात, बाहेर, पाहुण्यांत, एकच हाक: "अहो रंगवाले!" भिंती रंगवण्याला सासरे काम मानतच नसत. "भिंत हलत नाही, बोलत नाही, कापली तर रक्त येत नाही. त्यात कसलं आलंय कसब?" असं ते तोंडावर म्हणत. आज वेळेत फेस झाला, उस्ताद स्टेजवर चढले, तर 'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून निघालाच म्हणून समजा! रंगाऱ्याने बाह्या सरसावल्या.

बायकोने कात्रीने वडलांची दाढी बारीक करून दिली. सासऱ्यांनी स्वतः कपाटातून साबणाची वडी काढली. "जपून हां! हा साबण करणारा कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला. ही शेवटची वडी."

"बाबा, तुम्ही फक्त बघा!" रंगारी म्हणाला.

"मी बघत नसतो. फेस ऐकायचा असतो." असं म्हणून सासऱ्यांनी डोळे मिटले.

रंगाऱ्याने ब्रश रंगात बुडवावा तसा पाण्यात बुडवला आणि न झटकता वडीवर फिरवला. वाटीत पाणी झालं, पाण्यावर बुडबुडे झाले. ते त्याने मोठ्या झोकात सासऱ्यांच्या गालावर ओढले, वरून खाली, एका सरळ पट्ट्यात! पट्टा गालावरून हनुवटीवर, तिथून गळ्यावर आणि तिथून बनियनमध्ये उतरला.

"रंगवाले," सासरे डोळे न उघडता म्हणाले, "हा फेस नाही. हे भांडी घासून झाल्यावरचं पाणी आहे."

"पहिला हात पातळच असतो, बाबा! दुसरा कोट बघा!"

दुसऱ्या कोटासाठी त्याने क्रीमची ट्यूब घेतली. ट्यूबवर बदामाएवढं क्रीम घ्या असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे प्रत्येक कंपनी कमीच सांगते हे रंगाऱ्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने अर्धी ट्यूब पिळली. आधी पाणी जास्त झालं होतं म्हणून आता पाण्याचं नावच घेतलं नाही. जे तयार झालं ते त्याने हनुवटीवर, ओठांभोवती थापलं आणि सवयीने वरून अंगठा फिरवून सपाट केलं.

"दाढी भिजवताय की भेग बुजवताय?" सासऱ्यांचे ओठ आता नीट हलेनात. "कान द्या जरा! ब्रश फिरतो तेव्हा फेस बोलतो. चर्रचर्र करतो तोवर कच्चा. थेंब थेंब पाणी द्यायचं, मनगट फिरवायचं, खांदा नाही. बोलायचा थांबला की समजा झाला!"

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. थेंब थेंब पाणी! अशाने सत्कार पुढच्या वर्षी होईल! रंगाऱ्याच्या डोक्यात एक विचार चमकला, आणि तो चमकला नसता तर बरं झालं असतं. शेवटी काम घुसळण्याचंच ना? मग घुसळायला आपल्याकडे ड्रिल मशीन आहे, त्याला लावायची लोखंडी रवी आहे! वीस लिटरचा रंग ती दोन मिनिटांत एकजीव करते!

त्याने बाथरूममध्ये बादली ठेवली. तिच्यात तांब्याभर पाणी, उरलेलं क्रीम आणि ती शेवटची वडी, अख्खी! आणि बटण दाबलं.

पहिली दहा सेकंदं काहीच झालं नाही. मग बादली भरली. मग दिसेनाशी झाली. मग रंगाऱ्याचे गुडघे दिसेनासे झाले!

"अहो, बंद करा ते!" बायको बाहेरून ओरडली.

"बटण सापडत नाहीये!"

"मग सोडा हातातून!"

हे मात्र त्याने ऐकलं. ड्रिल हातातून सुटलं, बादलीभोवती एक गिरकी घेऊन आपणच बंद पडलं, पण तोवर रंगारी फरशीवर पाय पसरून बसला होता. फेस पॅसेजमध्ये आला, पॅसेजमधून बाल्कनीत गेला आणि तिथून, जिकडे उतार सापडेल तिकडे, खाली.

खालच्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या. ड्यूटी करून नुकत्याच आल्या होत्या आणि धुतलेले युनिफॉर्म वाळत घालत होत्या. पायांत चपला न घालताच त्या वर आल्या.

"काय चाललंय काय इथे? माझ्या सगळ्या कपड्यांवर..."

त्यांची नजर आत गेली. समोर खुर्चीत एक म्हातारा गृहस्थ ताठ बसलेला, डोळे मिटलेले, हात प्लास्टरमध्ये, मान एका बाजूला कलती आणि तोंडाभोवती पांढराशुभ्र फेस!

"अगं बाई, झटका आलाय!" नर्सबाई धावल्या. "कुशीवर वळवा यांना! कधीपासून असे आहेत?"

"आठ वाजल्यापासून," बायको गोंधळून म्हणाली.

"आठ? आणि तुम्ही नुसत्या बघत बसलात?"

"अहो बाई, सोडा मला!" सासरे ओरडले. "मला काही झालेलं नाही! मी फेस ऐकतोय!"

नर्सबाईंनी बायकोकडे पाहून हळूच मान हलवली. "डोक्यावर परिणाम झालाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सासऱ्यांची नाडी धरली.

सगळा उलगडा व्हायला आणखी दहा मिनिटं गेली. नर्सबाईंचा विश्वास बसला तरी त्यांनी नाडी काही सोडली नाही. साडेनऊ होऊन गेले होते. वडी संपली होती, क्रीम संपलं होतं. सासरे रिकाम्या साबणदाणीकडे बघत बसले होते. रंगवाले म्हणून हाकसुद्धा मारत नव्हते! रंगाऱ्याला खरोखर रडू आलं. आपल्यामुळे या माणसाचा आयुष्यातला एवढा मोठा दिवस वाया चाललाय, हे त्याला आतून लागलं.

तो मुकाट्याने बादली उचलायला गेला. वरचा फेस बाजूला केला, आणि त्याचा हात थांबला. कुठल्याही डब्यात खरा माल तळाशी बसतो, हे त्याला वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, डब्यांनीच दाखवलं होतं. बादलीच्या तळाशी चांगला मूठभर साबण बसला होता. घट्ट, मऊ, चकाकणारा!

त्याने तो चमच्याने काढून वाटीत घेतला. ब्रश कोमट पाण्यात भिजवला, दोनदा झटकला. आणि खिडकीच्या चौकटीला शेवटचा हात द्यावा तसा, श्वास धरून, फक्त मनगटाने फिरवू लागला.

चर्रचर्र.

"पाणी," सासरे डोळे मिटून म्हणाले. रंगाऱ्याने बोटाने एक थेंब सोडला.

चर्र.

"आणखी एक. घाई नको."

थेंब. मनगट. थेंब. मनगट. बायको दाराशी उभी होती, नर्सबाईंनीही नाडी मोजायची थांबवली होती. चर्र जरा मंदावली. मग पुटपुट झाली. आणि मग ब्रश फिरतोय, पण आवाज नाही!

सासऱ्यांनी डोळे उघडले. "वाटी उलटी करा."

"कुठे?"

"तुमच्या डोक्यावर. माझ्या दुकानात फेसाची परीक्षा अशीच होते. एक ते दहा म्हणायचं."

रंगाऱ्याने डोळे घट्ट मिटून वाटी डोक्यावर उलटी धरली. आकडे नर्सबाईंनी मोजले, तेही मोठ्याने. सात, आठ, नऊ, दहा! केसांवर एक थेंब नाही! बायकोने टाळ्या वाजवल्या, नर्सबाई आपले युनिफॉर्म विसरून "वा!" म्हणाल्या, आणि रंगाऱ्याला वाटलं, आता येणार तो शब्द, आता येणार!

सासऱ्यांनी फेस चेहऱ्यावर लावून घेतला, डाव्या हातात वस्तरा घेतला आणि आरशासमोर सात मिनिटांत काम संपवलं. गाल असे निघाले की रंगाऱ्याला आपली उत्तमातली उत्तम भिंत खडबडीत वाटली. सासऱ्यांनी गालावरून हात फिरवला, घसा खाकरला.

"असला फेस माझ्या हातूनही वर्षातून एकदाच उतरतो," ते म्हणाले. "पण हे इथे नाही बोलायचं. चारचौघांत, स्टेजवर सांगेन, हा कुणी केला ते."

चारचौघांत! स्टेजवर! रंगाऱ्याने ठेवणीतला शर्ट घातला. अकराला पाच मिनिटं कमी असताना तो सासऱ्यांना हाताला धरून, मान ताठ करून सभागृहात शिरला. बायकोसह तिसऱ्या रांगेत बसला. सासरे स्टेजवर चढले, दिव्यांच्या प्रकाशात त्यांचे गाल लखलखले आणि सभागृहात एकदम शांतता पसरली.

जरा जास्तच शांतता. रंगाऱ्याने आजूबाजूला पाहिलं. उजवीकडे दाढी. डावीकडे दाढी. पुढच्या दोन्ही रांगांत दाढ्याच दाढ्या! शहरातले एकतीस केशकर्तनकार आणि एकाचाही गाल दिसत नव्हता! अध्यक्षांची दाढी तर माइकला लागत होती.

"उस्ताद," अध्यक्ष पडलेल्या आवाजात म्हणाले, "तुमचा हात मोडला, तुम्हाला दाढी करता येईना. मग आम्ही गुळगुळीत गाल मिरवायचे? तीन आठवडे आम्ही कुणी वस्तरा लावला नाही. गिऱ्हाइकं हसली, घरात बोलणी खाल्ली. तुम्हाला इथे एकदम दाखवायचं ठरलं होतं. आणि तुम्ही... तुम्ही करून आलात?"

सासरे एकेका दाढीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी एकदा ओठ आवळले, एकदा आपला चकचकीत गाल तळहाताने झाकायचा प्रयत्न केला. दुसरा हात प्लास्टरमध्ये, म्हणून दुसरा गाल उघडाच राहिला. शेवटी त्यांनी हात काढला आणि तो सरळ तिसऱ्या रांगेकडे रोखला.

"मी नाही केलं!" उस्ताद माइकमध्ये गरजले. "हे सगळं यांच्यामुळे झालं! ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत, ते! माझे जावई!"

एकतीस दाढ्या एकाच वेळी वळल्या. रंगारी खुर्चीत घसरत घसरत कानांपर्यंत खाली गेला. मग तिथूनच त्याने बायकोचा पदर ओढला.

"ऐकलंस ना?" तो कुजबुजला. "जावई म्हणाले!"